उडताना गार, जमिनीवर गरम: ड्रोनच्या उष्णतेचा जमाखर्च

५ ऑगस्ट २०२५ रोजी जपानच्या गुन्मा प्रांतातल्या इसेसाकी शहरात ४१.८ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. जपानमधला हा आजवरचा उच्चांक. इसेसाकी योकोहामापासून साधारण शंभर किलोमीटरवर आहे. ज्या दिवशी पारा ३५ अंशांवर जातो त्या दिवसाला इथे 'मोशोबी' म्हणतात, आणि हा शब्द आता उन्हाळ्याच्या बातम्यांत रोज ऐकू येतो.

याच उन्हाळ्यात हौशी लोक ड्रोन घेऊन बाहेर पडतात. घरगुती वापराच्या बऱ्याच ड्रोनच्या माहितीपत्रकात एक ओळ छापलेली असते: वापराचं कमाल तापमान ४० अंश. इसेसाकीने त्या दिवशी ही रेघ ओलांडली. चंद्रपूर किंवा ब्रह्मपुरीच्या वाचकाला मात्र याचं हसू येईल. तिथे मे महिन्यात ४५ अंश ही काही बातमी नव्हे.

मग ४१ अंशाला ड्रोनचं होतं तरी काय? ड्रोनमधले शक्तिशाली ट्रान्झिस्टर आतून १५० अंशांपर्यंत तग धरतात. बहुतेक प्रोसेसरही ९०-१०० अंशांपर्यंत कुरकुर करत नाहीत. असं असताना बाहेरच्या हवेसाठी मर्यादा फक्त ४० ची का? या प्रश्नाचं उत्तर शोधताना एक उलटी वाटणारी गोष्ट लक्षात येते. पुष्कळदा ड्रोनच्या इलेक्ट्रॉनिक्सला सर्वांत जास्त धोका तो उडत असताना नसतो. तो जमिनीवर, पंखे बंद करून, स्वस्थ बसलेला असताना असतो.

बशीतला चहा

गरम चहा लवकर निववायचा असेल तर आपण काय करतो? बशीत ओततो आणि फुंकर मारतो. बशीत ओतल्याने चहाचा हवेला लागणारा पृष्ठभाग वाढतो. फुंकर मारल्याने चहावरची तापलेली, ओलसर हवा बाजूला होते आणि तिच्या जागी ताजी हवा येते. इलेक्ट्रॉनिक्स थंड ठेवण्याच्या बहुतेक युक्त्या या दोन गोष्टींतच येतात: उष्णता पसरवा आणि वारा घाला.

आता थोडा ढोबळ हिशेब करू. समजा, ड्रोनच्या पोटात कॅमेऱ्याचं चित्र हाताळणारा प्रोसेसर, चित्र जमिनीवर पाठवणारा ट्रान्समीटर आणि इतर सर्किट मिळून १० वॅट उष्णता तयार करतात. ही उष्णता ज्या कवचातून बाहेर जाते त्याचं क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे साधारण मोबाइलच्या दोन्ही बाजू मिळून होईल त्याहून किंचित कमी. स्थिर हवेत एक चौरस मीटर पृष्ठभाग तापमानातल्या दर अंश फरकामागे जेमतेम १० वॅट बाहेर टाकतो. गणित मांडलं तर १० वॅट बाहेर जाण्यासाठी ते कवच आजूबाजूच्या हवेपेक्षा ५० अंशांनी जास्त तापावं लागतं.

ड्रोन उडू लागला की पंख्यांचा झोत आणि समोरचा वारा मिळून तोच पृष्ठभाग सहज पाचपट उष्णता टाकू लागतो. आता ५० ऐवजी फक्त १० अंशांचा फरक पुरतो.

योकोहामातल्या ३३ अंशांच्या दुपारी याचा अर्थ असा: जमिनीवर चालू करून ठेवलेल्या ड्रोनचं कवच ८३ अंशांकडे सरकतं, हवेतल्या ड्रोनचं ४३ वर थांबतं. विदर्भातल्या ४५ अंशांत हेच आकडे ९५ आणि ५५ होतात. आणि हे झालं कवचाचं तापमान. आतली चिप त्याहून गरम असणार, कारण उष्णता नेहमी गरमाकडून गाराकडे उतारानेच वाहते.

४० अंशांच्या मर्यादेचा अर्थ आता लागतो. चिपला सोसवेल ते तापमान आणि बाहेरच्या हवेचं तापमान यांतला फरक ही आपली शिल्लक. उष्णतेच्या वाटेतला प्रत्येक टप्पा या शिलकीतून थोडं थोडं खर्च करतो. बाहेर ऊन वाढलं की खर्च तेवढाच राहतो, पण शिल्लक मुळातच कमी पडते.

उन्हाचा पाहुणा

वरच्या हिशेबात ऊन धरलेलंच नाही. भर दुपारी सूर्य एका चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट ओततो. ड्रोनच्या पाठीचं क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर आणि रंग काळा-करडा असेल, तर त्यातले साधारण ९ वॅट तो शोषून घेतो. म्हणजे आतल्या १० वॅटमध्ये बाहेरून जवळजवळ तेवढीच भर! पाठ पांढरी असेल तर हीच भर दोनेक वॅटवर येते. शेती आणि सर्वेक्षणाच्या अनेक ड्रोनचे रंग फिकट असतात, त्यामागे ते दुरून दिसावेत हे कारण आहेच, पण फिकट रंगाचा हा फायदाही फुकटात मिळतो.

तापलेला डांबरी रस्ता किंवा गच्ची खालूनही भाजत असते. म्हणून ड्रोन उतरवण्यासाठी फिकट रंगाची चटई आणि सावली या दोन साध्या गोष्टी महागड्या उपायांच्या तोडीस तोड ठरतात.

घरी करता येण्याजोगं एक काम मात्र नेमकं चुकीच्या जागी होतं: सॉफ्टवेअर अपडेट. ते करताना प्रोसेसर जोरात चालू असतो, पंखे बंद असतात आणि ड्रोन टेबलावर असतो. काही ड्रोनमध्ये यासाठी पोटात एक चिमुकला पंखा बसवलेला असतो. ज्यांत तो नाही, त्यांच्यासमोर घरातला टेबलफॅन लावणं हा अगदी शास्त्रशुद्ध उपाय आहे.

अर्धा मिलिमीटर हवा

वारा बाहेर कितीही असला तरी चिपमधली उष्णता कवचापर्यंत पोहोचली पाहिजे. इथे सर्वांत मोठा शत्रू म्हणजे हवेची बारीक फट. हवा उष्णतेची फार वाईट वाहक आहे. ॲल्युमिनियम तिच्यापेक्षा हजारो पटींनी चांगलं वाहक.

एक चौरस सेंटिमीटरची चिप आणि तिच्या वरचं ॲल्युमिनियमचं कवच यांत फक्त अर्धा मिलिमीटर हवा राहिली, तर त्या फटीतून एक वॅट उष्णता पलीकडे जायला सुमारे १९० अंशांचा फरक लागेल. त्याच फटीत उष्णतावाहक कणांनी भरलेली मऊ सिलिकोनची गादी, म्हणजे थर्मल पॅड, बसवली तर हा फरक सव्वा अंशाच्या आसपास येतो. दुरुस्तीसाठी ड्रोन उघडल्यावर आत दिसणारे ते राखाडी, चिकट, निरुपयोगी वाटणारे तुकडे म्हणजे हेच. ते फाटले किंवा परत बसवायचे राहिले, तर ड्रोन सुरू होतो, उडतोही, आणि मग काही मिनिटांनी तापून तक्रार करू लागतो.

दुप्पट करंट, चौपट उष्णता

आता ड्रोनच्या स्नायूंकडे वळू. बॅटरीचा करंट मोटरच्या तीन तारांत आळीपाळीने सोडण्याचं काम स्पीड कंट्रोलर करतो. त्यातले ट्रान्झिस्टर हे अतिवेगाने उघडझाप करणारे नळच. नळ पूर्ण उघडा असला तरी त्याला थोडा विरोध उरतोच. समजा, करंटच्या वाटेत एकूण ४ मिलिओहम विरोध आहे. ३० अँपिअरला त्यातून ३.६ वॅट उष्णता निघते. पण फवारणीची टाकी भरलेली आहे, वर वारा सुटलाय, आणि करंट ६० अँपिअरवर गेला, तर १४.४ वॅट! करंट दुप्पट, उष्णता चौपट. उघडझाप होताना जो तोटा होतो तो आणखी वेगळा.

इथे एक दुष्टचक्रही दडलेलं आहे. तांब्याचा विरोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. मोटरची वेटोळी शंभर अंशांनी तापली की तेवढ्याच करंटला जवळजवळ ४० टक्के जास्त उष्णता निघू लागते. ट्रान्झिस्टरचा विरोधही तापल्यावर वाढतो. तापल्यामुळे आणखी तापायचं, असा हा प्रकार.

चक्राची तिसरी कडी चुंबकाची. ड्रोनच्या मोटरमध्ये निओडिमियमचे चुंबक असतात. त्यांचा एक जनक जपानी: मासातो सागावा यांनी सुमितोमो स्पेशल मेटल्समध्ये १९८२ साली हा चुंबक घडवला. त्याची ताकद अफाट, पण उष्णता मात्र त्याला सोसत नाही. साध्या प्रतीचा निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या वर कायमची शक्ती गमावू शकतो. डिस्प्रोशियम हे दुर्मीळ मूलद्रव्य थोडं मिसळलं की तो जास्त उष्णता सोसतो, हेही सागावांनीच दाखवून दिलं. चुंबक अशक्त झाला की तेवढाच जोर लावायला मोटर जास्त करंट ओढते, आणि आपण पुन्हा चक्राच्या सुरुवातीला येतो.

म्हणून कित्येक मोठ्या ड्रोनमध्ये स्पीड कंट्रोलर पोटात न ठेवता हाताच्या टोकाला, थेट पंख्याच्या झोताखाली बसवलेले असतात. त्यांच्या ॲल्युमिनियमच्या पाठीला बारीक पंख्या काढलेल्या असतात. जो भाग जास्त जोर लावतो, त्याच्यावरच जास्त वारा पडतो. यापेक्षा सोपी आणि वजनाला हलकी व्यवस्था नाही.

भोकं का पाडत नाहीत?

सर्वांना सुचणारा उपाय असतो, कवचाला भोकं पाडा. शहरातल्या छायाचित्रणाच्या ड्रोनला ते चालतं. शेतात नाही.

याचं महत्त्व कळण्यासाठी २०१७ चं यवतमाळ आठवावं. त्या वर्षी कापसावर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजुरांचा जीव गेला. पाठीवर पंप, तोंडावर जेमतेम एक फडकं, आणि डोक्याच्या उंचीला आलेली पऱ्हाटी. फवारणाऱ्या माणसाला विषाच्या ढगातून बाहेर काढणारं कोणतंही यंत्र तिथे मोलाचं आहे. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या 'नमो ड्रोन दीदी' योजनेत १५,००० महिला बचत गटांना असे फवारणी ड्रोन देण्याचं उद्दिष्ट होतं. ड्रोनच्या किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये, इतकं अनुदान.

या ड्रोनवर स्वतःच्याच फवाऱ्याचे तुषार उडतात, धूळ बसते, आणि संध्याकाळी त्याला पाण्याने धुवावं लागतं. कीटकनाशकाचे थेंब सर्किटवर पोहोचले तर तांबं गंजतं. त्यामुळे सगळं घट्ट बंद करावं लागतं. आणि बंद केलं की आतली हवा बाहेर जात नाही, सगळी उष्णता भिंतीतूनच गेली पाहिजे. पाणी अडवायचं आणि उष्णता सोडायची, या दोन परस्परविरोधी मागण्यांतली तडजोड म्हणजेच शेती-ड्रोनची रचना. अशा ड्रोनची मोटरसुद्धा बंद असते, म्हणजे वेटोळ्यांमधून वारा खेळण्याची सोयही गेलेली.

जपानने हा प्रश्न फार आधी, वेगळ्या रूपात सोडवला होता. यामाहाने १९८७ साली भातशेतीवर फवारणीसाठी 'आर-५०' हे मानवरहित हेलिकॉप्टर आणलं. त्याला होतं पेट्रोलवर चालणारं टू-स्ट्रोक इंजिन, आणि ते पाण्याने थंड व्हायचं. मोटारसायकलसारखा रेडिएटर घेऊन उडणारा तो यांत्रिक पक्षी. आज इंजिन गेलं आणि विजेची मोटर आली, त्यामुळे एका जागी धगधगणारी उष्णता आता चार, सहा किंवा आठ मोटरींत, तितक्याच स्पीड कंट्रोलरमध्ये आणि बॅटरीत विभागली गेली आहे. एकूण उष्णता कमी झाली, पण तिच्यासाठी वाटा मात्र जास्त काढाव्या लागतात.

बॅटरीचा धडा योकोहामात

बॅटरीच्या बाबतीत शिकण्यासारखं उदाहरण योकोहामातच आहे, मात्र ते ड्रोनचं नसून मोटारीचं आहे. निस्सान कंपनीचं मुख्यालय याच शहरात. २०१० च्या डिसेंबरमध्ये तिने 'लीफ' ही विजेवरची मोटार विक्रीला आणली. तिच्या बॅटरीला थंड करायला पाणी किंवा दुसरा द्रव खेळवलेला नव्हता. रचना साधी, हलकी आणि स्वस्त. जपानच्या हवेत ती चालून गेली. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटी उष्म्यातून तक्रारी येऊ लागल्या: बॅटरीची क्षमता अपेक्षेपेक्षा लवकर घटत होती. कंपनीने पुढे क्षमतेची हमी दिली आणि उष्णता जास्त सोसणारं नवं रसायन आणलं. २०२५ मध्ये सादर झालेल्या तिसऱ्या पिढीच्या लीफमध्ये बॅटरी द्रवाने थंड केली जाते.

एका हवामानात पुरेशी असलेली व्यवस्था दुसऱ्या हवामानात पुरत नाही, हा यातला मुद्दा. ड्रोनला तो जास्तच लागू पडतो, कारण द्रवाची टाकी, पंप आणि नळ्या यांचं वजन उचलून उडणं परवडत नाही. म्हणून शेती-ड्रोनमध्ये ही व्यवस्था जमिनीवर ठेवतात. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये. पण शेतात तर दर काही मिनिटांनी गरम बॅटरी उतरते आणि लगेच चार्ज करायची असते. त्यासाठी चार्जरवर मोठे पंखे असतात, तर काही ठिकाणी खास बनवलेल्या जलरोधक बॅटऱ्या चार्ज होताना पाण्यात ठेवतात. साध्या ड्रोनच्या बॅटरीवर हा प्रयोग अर्थातच करायचा नाही.

मंगळावरचा एक अंश

वारा नसेल तर काय होतं, याचं टोकाचं उदाहरण मंगळावर सापडतं. नासाच्या 'इंजेन्युइटी' हेलिकॉप्टरने १९ एप्रिल २०२१ रोजी तिथे पहिलं उड्डाण केलं. मंगळ अतिशय थंड, पण त्याची हवा पृथ्वीच्या हवेच्या जेमतेम एक टक्का दाट. इतकी विरळ हवा उष्णता वाहून नेत नाही. उड्डाणात मोटरचं तापमान दर सेकंदाला सुमारे एक अंशाने वाढायचं. त्यामुळे अभियंत्यांनी वेगळा मार्ग धरला: उष्णता उडताना बाहेर टाकायचीच नाही, मोटरच्या धातूत साठू द्यायची, आणि मर्यादा गाठण्याआधी उतरायचं. सर्वांत लांबलेली उड्डाणंही तीन मिनिटांच्या आतच राहिली. तरीही त्याने एकूण ७२ उड्डाणं केली.

हीच साठवण पृथ्वीवर दुसऱ्या रूपात भेटते. ड्रोन उतरला, पंखे थांबले, तरी वेटोळ्यांत साठलेली उष्णता तिथेच असते. वारा थांबल्यामुळे ती चुंबकाकडे आणि सर्किटकडे पसरते. उतरल्यानंतरची पहिली काही मिनिटं काही भागांचं तापमान खाली येण्याऐवजी वर जातं. बॅटरी काढून ड्रोन लगेच पेटीत कोंबणं म्हणूनच वाईट.

फोन बंद पडू शकतो, ड्रोन नाही

फोन तापला तर तो मंदावतो, फारच तापला तर बंद पडतो. आपण चरफडतो आणि सावलीत ठेवतो. हवेतल्या ड्रोनला ही मुभा नाही. त्याने बंद पडणं म्हणजे खाली कुणाच्या तरी डोक्यावर पडणं. त्यामुळे ड्रोनच्या संरक्षणाची रचना पायऱ्यापायऱ्यांची असते. तापमान वाढलं की विरोध बदलणारे मिरीएवढे थर्मिस्टर जागोजागी बसवलेले असतात. त्यांच्या खबरीवरून आधी चित्राचा दर्जा कमी होतो, मग वेगावर लगाम येतो, मग परत फिरण्याची सूचना येते. शेवटपर्यंत जपलं जातं ते मोटर फिरवण्याचं काम. पडद्यावर आलेला तापमानाचा इशारा दुर्लक्षून 'अजून एक फेरी' मारणं म्हणजे या पायऱ्यांपैकी शेवटची एक आपल्या हातानेच काढून टाकणं.

ऑगस्टमध्ये योकोहामात किंवा दिवाळीआधी ऑक्टोबर हीटमध्ये गावी उडवणार असाल, तर वरच्या साऱ्या हिशेबातून निघणाऱ्या गोष्टी थोडक्यात अशा:

ड्रोन आणि बॅटऱ्या बंद मोटारीत ठेवू नका. सगळी तयारी आधी करा आणि उडवायच्या क्षणीच ड्रोन चालू करा. एका जागी तरंगत ठेवण्यापेक्षा मध्यम वेगाने पुढे नेणं चांगलं. वारा जास्त मिळतो आणि तरंगण्यापेक्षा शक्तीही बऱ्याचदा कमी लागते. उतरल्यावर सावलीत, वाऱ्यात निवू द्या. बॅटरी हाताला कोमट लागेपर्यंत चार्जरला लावू नका. आणि लवकर थंड व्हावा म्हणून फ्रिज किंवा बर्फाचा आधार अजिबात घेऊ नका. योकोहामाच्या दमट हवेत थंडगार वस्तू बाहेर काढली की तिच्यावर दव धरतं, तसंच ते सर्किटवर धरेल, आणि उष्णतेपासून वाचवलेला ड्रोन पाण्याने जाईल.

ही पथ्यं हौशी माणसाचे काही हजार येन वाचवतील. विदर्भात त्यांचं मोल वेगळं आहे. ज्या बचत गटाने कर्ज काढून ड्रोन घेतला आहे, त्याच्यासाठी फवारणीच्या ऐन हंगामात जळालेला एक स्पीड कंट्रोलर म्हणजे बुडालेले दिवस, आणि तेवढे दिवस पुन्हा कुणाच्या तरी पाठीवर चढलेला पंप. योकोहामातल्या ३३ अंशांत तपासून पाहिलेला ड्रोन ४५ अंशांच्या शेतावर जायचा असेल, तर मधल्या बारा अंशांची तरतूद आरेखनाच्या टेबलावरच करून ठेवावी लागते.